देवाला आग्रह

अन्याय झाला तो बँड मास्तरांवर. गेल्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी, आमच्या मंडळाचा ट्रॅक्टर मंडी मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर वळला आणि मशिदीत मगरिबची अजान सुरू झाली, त्या क्षणाला. माणूस, जागा, वेळ, सगळं आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोक म्हणायला लागतात, "काहीतरी गडबड झाली होती म्हणे." गडबड नव्हे. एका पोराने मास्तरांच्या तोंडातलं क्लॅरिनेट खेचलं आणि त्यानेच त्यांच्या तोंडावर फटके मारले. वरचा पुढचा दात पडला. क्लॅरिनेट वाजवताना जो दात टेकवतात, नेमका तो. आणि मारताना तो पोरगा 'गणपती बाप्पा मोरया' म्हणत होता.

मास्तरांचा गुन्हा एवढाच की ते थांबले. ते दर वर्षीच थांबतात. अजान सुरू झाली की मास्तर क्लॅरिनेट खाली घेणार, ढोलवाला काठ्या काखेत मारणार, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यांना मज्जिगे, म्हणजे ताक, येणार. अजान संपली की पेले परत, बँड सुरू. लहानपणी मला वाटायचं अजान ही ताकाची घंटा आहे. आम्ही म्हैसूरचे जुने मराठे, खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या फौजेत होते वगैरे. त्या शौर्यातलं आता एवढंच उरलंय की ताकाच्या पहिल्या पेल्यासाठी आमची पोरं एकमेकांना कोपरं मारतात.

माझे वडील, अप्पा, मंडळाचे अध्यक्ष आहेत. मास्तरांना स्कूटरवर घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं, हे मान्य. पण घरी येऊन म्हणाले, "पोरं बाहेरची होती. देवाला यात ओढू नको."

"ओढायचं कशाला? तो तिथेच होता. ट्रॅक्टरवर. सगळ्यांत उंच. त्याच्याइतकं स्पष्ट कुणालाच दिसलं नसेल."

"सुम्ने बस ग," अप्पा म्हणाले. आमच्या घरी गप्प बसवायचं ते कन्नडमध्ये.

माझं भांडण अगदी साधं आहे. मिरवणुकीत पाऊस थांबला, देवाने सांभाळलं. ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं पण कुणाला लागलं नाही, त्याचीच कृपा. मास्तरांचा दात पडला, तेव्हा मात्र पोरांची चूक. असं कसं चालेल? जो फीत कापायला येतो त्याने खड्डा पडल्यावरही यावं, असं आम्ही नगरसेवकाला सुनावतो. देवाला वेगळा नियम का?

यंदा गणपती जवळ आले आणि अप्पांनी जाहीर केलं, बँड नको, डीजे आणू, वाद नको. डीजेला दात नसतात, हे खरं. पण म्हणजे ज्याने मार खाल्ला तोच मिरवणुकीतून बाहेर. मारणारे नाचायला मोकळे. माझं डोकं असं तापलं की मी त्याच दुपारी पत्रक लिहायला बसले.

पत्रकं मी कॉलेजपासून लिहिते, मोर्चांची, पण कन्नडमध्ये. आमच्या प्रत्येक पत्रकाचा शेवट एकाच शब्दाने होतो: आग्रह. कन्नडमध्ये आग्रह म्हणजे ठणकावून केलेली मागणी. पेपरात रोज असतो, रस्त्यासाठी आग्रह, राजीनाम्यासाठी आग्रह. आमच्या मराठीत कन्नड कुठे संपतं आणि मराठी कुठे सुरू होते ते आम्हालाच कळत नाही, म्हणून मला वाटलं हा शब्द दोन्हीकडे सारखाच. मी लिहिलं:

"येत्या रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये श्री गणपतीने सर्वांच्या समोर यावे आणि आपल्या नावाने जे झाले त्यावर बोलावे, असा आमचा आग्रह आहे. बँड मास्तरही येतील. कोणीही घरी बसू नये."

वाचून माझ्या अंगावर काटा आला. इतकं जहाल मराठी मी कधी लिहिलं नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर साताऱ्याहून आलेल्या काकू राहतात. काकांची बदली झाली म्हणून नुकत्याच आल्यात, गेल्या वर्षीचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी पत्रकाचा फोटो काढून महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "किती गोड आग्रह केलाय बघा. सगळ्यांनी यायचं हं. मोदक माझ्याकडे."

हे मला रविवारी कळलं.

मी हॉलच्या व्यासपीठावर एक लाकडी खुर्ची मांडली होती आणि तिला 'आरोपी' असा कागद चिकटवला होता. माणसं चार आली तरी खूप, असं धरलं होतं. बघते तर दारातून जरीच्या साड्या येताहेत. सदरे येताहेत, मोदकांचे डबे येताहेत, कुणीतरी टाळ आणलेत. आमच्या मंडळाचे म्हातारे मागोमाग आले, कारण उकडीच्या मोदकांचा वास त्यांच्या गल्लीपर्यंत गेला होता. अप्पा मला ओरडायला म्हणून आले होते, त्यांना दारातच कुणीतरी अक्षता दिल्या.

काकू थेट व्यासपीठावर. कागद वाचला, पेन काढलं, 'आरोपी'चं 'आरती' केलं. मला हळूच म्हणाल्या, "शुद्धलेखन जरा कच्चं आहे हं तुमचं इकडे." मग खुर्चीवर धुतलेलं वस्त्र घातलं, तांदळाची रास केली आणि वर सुपारी ठेवली. मूर्ती नसली की सुपारीचा गणपती करतात, त्याला मंत्र म्हणून बोलावतात, ते सगळं त्यांनी केलं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला इतकं हसू आलं की खांब धरावा लागला.

आरोपी हजर झाला होता. आरोपीच्या खुर्चीत. स्वखुशीने.

"आता आलाच आहे," मी मोठ्याने म्हटलं, "तर उत्तरही देऊ दे." आणि गेल्या वर्षीची संध्याकाळ मी सगळ्यांना सांगितली. मास्तर पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. नवा दात बसवलाय त्यांनी, शेजारच्या दातांपेक्षा पांढरा.

आमच्या मंडळातले निवृत्त वकील मामा उठले. कुणी सांगितलं नसताना ते देवाची बाजू घेणार हे ठरलेलंच होतं. "त्या पोरांना देवाने वकीलपत्र दिलं होतं का? त्याचं नाव वापरलं, त्याला काय माहीत?"

"माहीत नाही? मग सर्वज्ञ कोण, आमचे वॉचमन?"

"बरं, माहीत होतं म्हण. पण त्याचा हात नव्हता त्यात."

"चार आहेत, मामा. एकात मोदक होता. उरलेल्या तिनांतल्या एकाने त्या पोराचं मनगट धरायचं."

हॉल हसला. मामाही हसले, त्यांच्या तोंडात मोदक होता म्हणून ठसका लागला. मास्तरांनी हात वर केला. "बेटी, मेरे वाले पे केस नक्को हां. अजान तो उसकीच चल री थी. उसपे केस डाली तो घर में खाना नै मिलता मेरे को." एवढं बोलून त्यांनी मोदकाचा घास घेतला आणि थबकले. गुळाच्या सारणात नवा दात अडकून बाहेर आला होता. त्यांनी तो बोटात धरून सुपारीला दाखवला. "लो, पुरावा."

मग हसण्याला धरबंधच राहिला नाही. म्हातारे गुडघ्यांवर थापा मारत होते. टाळवाल्याने उगाच टाळ वाजवला. फक्त काकू हसत नव्हत्या. हातातला डबा खाली ठेवून मला म्हणाल्या, "मारताना मोरया म्हणत होता तो?"

"हो."

"प्रत्येक फटक्याला?"

"हो, काकू."

"मी रोज म्हणते," काकू म्हणाल्या. "सकाळी दिवा लावताना. त्याच्या तोंडातलं आणि माझ्या तोंडातलं एकच की." त्या वळल्या, एक मोदक घेतला आणि अप्पांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, हा घ्या."

"नको, झालं पोटभर."

"आग्रह आहे माझा. हा घ्या आणि मास्तरांना बोलवा यंदा."

"डीजे सांगून झालाय."

"मग नको म्हणून सांगा. बरं, अर्धा घ्या."

मराठीतला आग्रह म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आम्ही घोषणा देतो आणि घरी जातो. ही बाई हात पुढे करून उभी होती, हलायला तयार नाही. समोरच्याच्या ओठाला मोदक लागेपर्यंत हा प्रकार संपत नाही.

अप्पांचा आवाज चढला. "आणि परत मारलं तर? दुसरा दात गेला तर? कोण जबाबदार? ती सुपारी?"

अप्पा भित्रे आहेत असं मी वर्षभर म्हणत होते. पण हाच तर प्रश्न मी देवाला विचारत होते, आणि त्यांनी तो आम्हाला विचारला. सुपारी काही बोलली नाही. मी खरंच वाट बघितली.

"मी उभी राहते मास्तरांच्या बाजूला," काकू म्हणाल्या. "हीच साडी नेसून. बघू कोण हात उचलतो."

"मी दुसऱ्या बाजूला," वकील मामा म्हणाले. "माझे दात सगळेच खोटे आहेत, मला भीती नाही."

मागून कुणी म्हणालं मी पण. टाळवाला म्हणाला मी पुढे. अप्पा सगळ्यांकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे. "मास्तर, त्या कोपऱ्यावर थांबणार तुम्ही?"

"हमेशा रुकता, साब."

"अय्यो," अप्पा म्हणाले, आणि त्या 'अय्यो'साठी तोंड उघडलं त्यात काकूंनी मोदक घातला. मोदक तोंडात असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. अप्पांनी मान हलवली. वकील मामांनी लगेच जाहीर केलं की ठराव मंजूर. मास्तरांनी दात धुऊन परत बसवला आणि क्लॅरिनेट वाजवून दाखवलं. मधेच एक शीळ निघते आता त्यातून. पूर्वी नव्हती.

पूजा आटोपल्यावर काकूंनी ती सुपारी माझ्या हातात दिली, पाण्यात सोड म्हणाल्या. सोडलेली नाही. माझ्या पाकिटात आहे. खटला संपलेला नाही, जामीन मी देणार नाही. त्याच्या डोळ्यांदेखत झालं, त्याच्या नावाने झालं, का ते त्याने येऊन सांगावं. पण तो बोलेपर्यंत जाब त्या प्रत्येकाने द्यायचा, ज्याच्या तोंडात त्याचं नाव आहे.

तुमच्याही आहे. तेव्हा यंदा विसर्जनाच्या संध्याकाळी मंडी मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर या. अजान सुरू होईल, मास्तर क्लॅरिनेट खाली घेतील. त्यांच्याभोवती उभे राहा, ताक प्या, आणि कुणी हात उचलला तर तो धरा.