उघाडी लावायची वेळ

मी बागा आखते. म्हणजे पोटासाठी बिल्डरांच्या गच्च्यांवर प्लास्टिकचं गवत अंथरते आणि त्याला 'उद्यान' म्हणताना मनातल्या मनात दातओठ खाते. त्यामुळे गिरीजजवळच्या एका वृद्धाश्रमानं म्हाताऱ्यांसाठी बाग करून मागितली तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

काम अगदी मन लावून केलं. ज्यांची आठवण गेलीय अशा माणसांसाठी वाट गोल आखतात. ती कुठे संपत नाही, चालणारा आपोआप परत दाराशी येतो. फरशी एकाच रंगाची, कारण मधला काळा पट्टा त्यांना खड्डा वाटतो. धरायला कठडे, उभ्यानं हात पोचेल एवढ्या उंचीचे वाफे, कडेला सोनचाफा. बाहेरच्या फाटकावर मी मधुमालती चढवली, जायची वाट डोळ्यांना दिसूच नये म्हणून. बाग सगळ्यांना आवडली. एक आजोबा सोडून.

रोपं मूळ धरेपर्यंत मी रोज तिथे जायचे. आजोबा खाडीकाठच्या शेतकरी घरातले. मला 'बाय' म्हणायचे आणि सकाळी हटकून विचारायचे, "बाय, आज तिथी कंची?" मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगायचे. मला वाटायचं, देवभोळे असतील. दिवसभर शांत बसायचे, आणि मग कधीतरी एकदम उठायचे. "पानी चढतंय! सोडा मला!" फाटक दिसायचं नाही, म्हणून माझ्या त्या गोल वाटेवर धापा टाकत फिरत राहायचे. घामाघूम व्हायचे, कठड्यावर हात आपटायचे. पुस्तकात ही वाट माणसाला शांत करते म्हणे. कसलं डोंबलाचं शांत! मला ते बघवत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी मधुमालती ओरबाडून काढली आणि फाटक उघडून थेट रस्त्यावर गेले. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक लावला म्हणून वाचले.

आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "यांना आता वरच्या मजल्यावर हलवते," त्या म्हणाल्या. वरच्या मजल्याला जाळीचं दार आणि बाहेरून कुलूप. तिथे गेलेलं माणूस पुन्हा मातीवर पाय ठेवत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"थोडे दिवस थांबा ना," मी म्हटलं.

"थांबू? उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील, तुमच्या नाही. वेळ ठरलेली असती तर एक बाई त्यांच्यामागे ठेवली असती. पण यांचा काही नेमच नाही. कधी जेवणावरून उठतात, कधी चहावरून, कधी दिवेलागणीला. त्यांचा मुलगा दोन आठवड्यांनी सही करायला येतोय."

मला संताप आला. त्यांचा आला, त्याहून जास्त स्वतःच्या हुशारीचा आला. पण बोलणार काय? त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्या रविवारी आचोळ्याच्या आमच्या घरी पाहुणे आले होते, त्यांना घेऊन कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. चहाच्या वेळेला पोचलो तर खुर्च्या मांडणारा माणूस त्या भराभर उचलत होता. "मागं सरा, पानी चढतंय," तो म्हणाला. हे तर आजोबांचे शब्द! शुक्रवारी आजोबा जेवताना उठले होते. शनिवारी जेवण आटोपल्यावर. म्हणजे रोज थोडं थोडं उशिरा. भरतीसारखं! मी तिथूनच आश्रमात फोन लावला. आजोबा नुकतेच उठले होते आणि दोघी जणी त्यांना धरून उभ्या होत्या.

मग त्यांच्या मुलाला फोन केला. मुंबईत नोकरी करणारा, मितभाषी माणूस. बाबा नक्की काय करायचे, असं मी विचारलं.

"उघाडी बघायचे," तो म्हणाला. "आमची भातशेती खाडीला लागून होती. बांधात पाणी सोडायचं दार असतं ना, ती उघाडी. भरतीच्या आधी लावायची. राहिली तर खारं पाणी शेतात घुसतं आणि जमीन काही वर्षं कामातून जाते. आमच्याकडे ते काम बाबांचंच होतं, तिथी कळली की भरतीची वेळ ते तोंडी सांगायचे. आता तिथे इमारती आहेत हो. कुठली उघाडी आणि कुठलं काय."

मी बाईंच्या मागेच लागले. बागेतून हातभर रुंद, वीतभर खोल पाट काढायचा, मोटारीनं त्यात पाणी फिरवायचं, आणि वाटेच्या कडेला, कठड्याच्या आतून हात पोचेल अशी लाकडी फळी बसवायची. खाचेत सरकवली की पाणी अडेल. भरतीच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावल्या, म्हणजे तेवढाच वेळ कुणीतरी जवळ थांबेल. बाई म्हणाल्या, "म्हाताऱ्यांच्या बागेत पाणी? तुम्हाला वेडबिड लागलंय का?" मग भिंतीवरच्या वेळा त्यांनी आजोबांच्या उठण्याशी ताडून बघितल्या आणि म्हणाल्या, "मुलगा येईपर्यंत. त्या दिवशी हे जमलं नाही तर मला पुन्हा तोंड दाखवू नका."

मुलगा आला तो दिवस अमावास्येचा होता. उधाणाची भरती, भर दुपारची. त्यानं पाट बघितला आणि त्याचा चेहरा कडवट झाला.

"म्हणजे बाबांना खेळणं आणून दिलंत?"

रात्रभर मीही स्वतःला तेच विचारत होते. बाईंनी सहीचे कागद हातातच धरले होते. मी मोटार सुरू केली.

आजोबा उठले. "पानी चढतंय!" ते सरळ फाटकाच्या दिशेनं निघाले. पाटाजवळून पुढे गेले, बघितलंसुद्धा नाही. त्यांनी उरलेल्या मधुमालतीत हात घातला. मुलगा धावला, बाईंनी माझ्याकडे बघितलं. संपलं, असं मला वाटलं. मी ओरडलेच, "आजोबा, उघाडी राहिली लावायची!"

ते वळले. पाटातलं पाणी त्यांना तेव्हा दिसलं. लगबगीनं परत आले, कठड्याला धरून वाकले आणि त्यांनी फळी खाचेत दाबली. पाणी अडलं. ते बाजूच्या बाकावर टेकले, पण हात फळीवरच ठेवला. श्वास हळूहळू खाली बसला.

मुलगा त्यांच्याजवळ गेला. "बाबा, चला आत. ऊन आहे."

आजोबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ओळख नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाशी बोलावं तसं ते म्हणाले, "आज उधान हाय. मला हलता येनार नाय. तू गावाकडं चाललास ना? माझा पोरगा जेवायचा थांबला असंल. लहान हाय. त्याला सांग, बा येतो म्हनावं पानी उतरल्यावर. भ्यायचं नाय."

मुलगा त्यांच्या पायाशी उकिडवा बसला.

"सांगतो," तो म्हणाला.