वानखडेंच्या घरची गादी

आता हे सांगायची मला लाज वाटते, पण तुम्ही चहा पाजताय तर ऐका. माणसानं किती शहाणं असावं याला काही मर्यादा? मी ती ओलांडली, आणि तीही हातात हार घेऊन!

नांदुऱ्यात आमच्या कॉलनीला लागून एक नाला आहे. उष्टं अन्न, फुटक्या टाक्या, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, सगळं त्यात! पावसात तो तुंबतो आणि पाणी आमच्याच घरात शिरतं. मी निवृत्त मास्तर. कागदाचा एक कपटा दिसला तरी अख्खा वर्ग उभा करणारा. आता वर्ग नाही, तर म्हटलं कॉलनी उभी करू. खांबावर कॅमेरा बसवला, मोबाइलला जोडला आणि दिवसभर नाला बघत बसलो. लोक क्रिकेट बघतात, मी नाला बघायचो.

शिव्या नाहीत, भांडण नाही. माझी पद्धत वेगळी. कचरा टाकणाऱ्याच्या घरी जायचं, शाल-हार घालून चारचौघांत त्याचा सत्कार करायचा आणि त्याचाच कचरा त्याला साभार परत! दोघांचा असा केला. दोघंही आता माझ्याशी बोलत नाहीत, पण नाल्याकडेही फिरकत नाहीत. मी खूश.

तर एका सकाळी कॅमेऱ्यात सापडला गजानन वानखडे. चार घरं सोडून राहतो. डोक्यावर टोपी, खांद्यावर गादी! गडी आला, गादी नाल्याकाठी टाकली आणि मागे वळूनसुद्धा न पाहता निघून गेला. मी टाळीच वाजवली. एरवी कधी टोपी न घालणारा माणूस आजच टोपी का घालेल? तोंड लपवायला! दुसरं काय?

रफिकभाईंचा मालाचा ऑटो बोलावला. गादी चढवताना ते थबकले.

"सर, गादी तं चांगली हाय. कोनी अशी काऊन फेकीन? पहिले पुसून तं घ्या."

"तुम्ही गाडी चालवा हो. मी पुढं होतो, पाच मिनिटांनी या. आणि हॉर्न वाजवत या, कॉलनीला कळू द्या!"

वानखडेंच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली, पाच-सात माणसं बसलेली. वा! आयते प्रेक्षक! गजानन उठून पुढे आला, टोपी डोक्यावर तशीच. मी शाल उलगडली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, बघा, सत्कार लागू पडला.

हार पुढे केला, तर त्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि आत गेला. आत खुर्चीवर त्याच्या आईचा फोटो, समोर दिवा. हार त्यानं फोटोला घातला.

मी घाईघाईनं चपला काढल्या.

"सर, तुम्ही दुखवट्याची शाल घेऊन आले," गजानन शालीवर हात ठेवून रडायला लागला. "आमचे सख्खे अजून आले नाही हो. तुम्ही आले."

ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तर मला हात जोडले. तेव्हाच खरं सांगून टाकायचं ना? पण नाही! मी काय म्हणालो असेन? "अरे, कर्तव्यच आहे आपलं." इतका नालायकपणा आपल्या अंगात आहे हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं.

आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

मी हातानं खुणावलं, जा, जा! रफिकभाईंना वाटलं, या, या! ते हॉर्न वाजवत थेट दारात आले. गजाननची बहीण बाहेर आली आणि किंचाळली, "आईची गादी! अरे देवा, हे वापस काऊन आनली?"

आमच्याकडे माणूस ज्या गादीवर जातो ती गादी घरात ठेवत नाहीत, शिवेवर, नाल्याकाठी टाकून येतात. टाकणारा मागे वळून पाहत नाही. हे मला ठाऊक नव्हतं? माझ्या बापाची गादी मीच टाकून आलो होतो! आणि टोपीखाली तर मुंडण केलेलं डोकं होतं. पण कॅमेऱ्यात मला फक्त कचरा दिसला.

गजाननचं रडणं थांबलं. त्यानं शाल काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"सर, दोन वर्षं आई त्या गादीवर होती. खिडकीतून तुम्हाले जातायेता पाहे. म्हने, मास्तर येतीन एखांद्या दिवशी भेटाले."

रफिकभाईंनी ऑटो वळवला आणि गादी स्मशानाकडे घेऊन गेले.

घरी आलो. बायको दारातच.

"कुठी गेलते?"

"वानखडेंकडं."

"गेले बाई एकदाचे! परवापासून सांगून राह्यली, काकू गेल्या, भेटून या. मयतीच्या दिवशी तुम्ही बुलढाण्याले, त्या कॅमेऱ्याची वायर आनाले. अन् काल तोंड मोबाइलात. निस्तं 'हाव, हाव'! थांबा तिथीच, आंघोळीचं पानी काढतो." आत जाता जाता ती पुन्हा वळली. "अन् रिकाम्या हातानं तं नाही गेलते ना?"

"नाही," मी म्हणालो, "गाडीभर सामान नेलं होतं."