फाटक कोणी उघडलं?

आमची बोट पंधरा दिवस चिखलात बसून होती, आणि त्याला कारण अंतराळातलं युद्ध होतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद. आमच्या आगर गावच्या काठावर बोटी ओंडक्यांवर चढवलेल्या, जाळी शिवून झालेली, माणसं रिकामी. त्या दिवसांत मी आणि माझा मेव्हणा दिनेश (बोटीत अर्धा वाटा त्याचा, अक्कल मात्र सगळी माझी, असं मला तेव्हा वाटायचं) मोबाइलवर ‘सातवा तळ’ नावाची मालिका बघायला लागलो. अंतराळात एक तळ, त्यावर दोन कमांडर, तेव्हर आणि रूना. दोघांचं पटत नाही. शेवटी तळाचं फाटक उघडतं, शत्रू आत घुसतो आणि मालिका थांबते! पुढचा भाग म्हणे नारळी पौर्णिमेनंतर.

मी म्हणालो, फाटक रूनाने उघडलं. दिनेश म्हणाला, तेव्हरने. झालं! आठवडाभरात खलाशांचेही दोन तट पडले. चहाच्या टपरीवर बाकंसुद्धा वेगळी झाली.

“ते फाटक गेलं खड्ड्यात,” माझी बायको हर्षदा म्हणाली. “पौर्णिमेच्या भरतीला बोट पाण्यात गेली पाहिजे. नाहीतर अमावास्येपर्यंत पाणी तिथवर चढायचं नाही. आईने डहाणूच्या बाजारात सगळ्या गिऱ्हाइकांना पहिल्या पापलेटचा शब्द दिलाय!”

“काळजीच करू नको!” मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो की ती लगेच काळजी करायला लागते.

पौर्णिमेला नारळ वाहून झाला. पाणी बोटीखाली आलं. डाव्या दोरीवर दहा माणसं, उजव्या दोरीवर दहा. मी बोटीच्या टोकावर उभं राहून आरोळी द्यायची, सगळ्यांनी एकदम ओढायचं. मी “हैऽऽ” म्हणालो, एवढ्यात डावीकडून दिनेश बोलला, “भावोजी, फाटकाची किल्ली तर तेव्हरकडे होती ना?”

आता या माणसाला हीच वेळ सापडावी!

“किल्ली रूनाने चोरली होती!” मी ओरडलो. “तिसरा भाग बघताना झोपला होतास तू!”

“मी झोपलो? पुरावा काय?”

“तू घोरत होतास, हाच पुरावा!”

उजव्या दोरीवाले माझ्या बाजूचे. त्यांना वाटलं, मी ओरडलो म्हणजे ओढायचं. त्यांनी जीव खाऊन ओढलं. डावीकडचे दहाजण हात वर करून किल्लीची बाजू मांडत होते. बोट तिरपी झाली, ओंडक्यांवरून घसरली आणि चिखलात रुतली! मग सगळे धावले, बोट ढकलताना कण्हले, एकमेकांना शिव्या देत राहिले. तेवढ्यात पाणी उतरायला लागलं. शेजारच्या बोटी भोंगे वाजवत समुद्रात निघाल्या.

सासूबाई काठावर रिकामी टोपली घेऊन उभ्या होत्या. “जावईबापू, मी उद्या बाजारात काय विकू? फाटक?”

मला खरंच रडू येत होतं. त्याहून वाईट म्हणजे पुढचे चार दिवस त्या शेजारणीकडून पापलेट विकत घेऊन आपला शब्द पाळत होत्या, आणि मी खाली मान घालून त्यांची टोपली रिक्षापर्यंत नेत होतो.

पाचव्या दिवशी पुढचा भाग आला. घरचे सगळे एका मोबाइलभोवती बसलो. आणि कळलं काय? फाटक कोणीच उघडलं नव्हतं! ते आधीपासून उघडंच होतं. बंद कोणी करायचं यावरून दोन्ही कमांडर भांडत बसले होते, तेवढ्यात शत्रू आत आला.

हर्षदाने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीतून तिरप्या बोटीकडे.

अमावास्येला एका दमात बोट पाण्यात गेली. आरोळी सासूबाईंनी दिली. दोन्ही कमांडर कमरेइतक्या चिखलात उभे राहून मागून ढकलत होते, आणि दोघांनाही तोंड उघडायची परवानगी नव्हती.