फुकटची सिस्टिम आणि माझा ब्रेक

सन २०२५. मला एकाहत्तरावं लागलं होतं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, पण पुढे चाळीस वर्षं धडगावच्या चांदसैली घाटात प्रवासी जीप चालवली आणि एकदाही गाडी कठड्याला घासली नाही. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी मी त्याला हे सांगतो. डोळे अधू झाले, जीप सुटली, तेव्हा वर्षभर मी कोणाशी धड बोललो नाही.

मग घरात सून आली. माहेरून तिने स्वतःचा गेम खेळायचा कॉम्प्युटर आणला. टेबलाला आवळायचं स्टिअरिंग, खाली तीन पेडल. "बसा आबा," म्हणाली. बसलो तो उठलोच नाही. पडद्यावर ट्रक, घाट, हॉर्न. तिथे जवळून बघायचं असल्यामुळे मला सगळं दिसायचं.

तेवढ्यात खोडा पडला. कॉम्प्युटर ज्या सिस्टिमवर चालतो ती जुनी झाली, कंपनी तिची देखभाल थांबवणार, आणि कंपनीची नवी सिस्टिम ह्या कॉम्प्युटरवर चढत नाही. नंदुरबारचा दुकानदार म्हणाला, नवाच घ्या. इंजिन ठणठणीत असताना गाडी भंगारात घालणारा माणूस मी नव्हे. पण आता हेही स्टिअरिंग हातातून जाणार, ह्या विचाराने जेवण गोड लागेना.

सून म्हणाली, "आबा, दुसरी सिस्टिम शे. फुकट."

"फुकटनं मन्हा घरमा चालत नही."

चुलीपासून माझी म्हातारी बोललीच. "मन्हा माहेरना लोकेस्ले जीपमा कधी फुकट बसाडं नही, आते कॉम्प्युटरमा तरी काहीतरी फुकट बसू द्या!"

सून हसून खाली बसली. म्हणाली, "ती कोण्या दुकानदारनी नही, आबा. जगभरना लोकेस्नी मियीसन बनाडेल शे. ज्याले दुरुस्ती येस तो दुरुस्ती करस, आन् सगळास्ले दी टाकस."

मला लाह आठवली. वर डोंगरात घर बांधायचं असलं की लाह घालतात. सगळा पाडा येतो, खांब उभे करतो, मजुरी कोणी घेत नाही, घरवाला जेवू घालतो. पण उद्या दुसऱ्याचं घर असलं की त्यालाही जावं लागतं. त्याला तिथे कोणी फुकट म्हणत नाही.

"मंग मन्हा हात कोठे लागाना?" मी विचारलं.

"पहिले देखा तरी!"

तिने एका पेनड्राइव्हवर दोन सिस्टिमी आणल्या. जुनं काही न पुसता चालवून बघता येतात म्हणे. पहिलीत स्टिअरिंग फिरलं, पण पेडल मेलेली. "ब्रेक नही तं गाडी नही," मी म्हणालो आणि ती बाद केली. दुसरीने सुरुवातीलाच भाषा विचारली. यादीत मराठी दिसली. आजवर ह्या पडद्यावरचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, सुनेला हाका मारायचो. त्या दिवशी बोट ठेवून मीच निवडलं, मीच वाचलं. स्टिअरिंग फिरलं, तिन्ही पेडल दबली. हीच ठेवायची, मी सांगून टाकलं, आणि सुनेने ती कायमची चढवली.

मग पडद्यावर पेडलांची नावं वाचायला गेलो. एक्सलेटर होता, क्लच होता. मधल्या पेडलापुढे लिहिलं होतं 'विश्रांती'.

"हाई काय शे?"

सुनेने डोकं खाजवलं. इंग्रजीत ब्रेक म्हणजे सुट्टीही होते, कोणीतरी घाईत तेच मराठी करून ठेवलं होतं.

"चांदसैलीना घाटमा असी विश्रांती लिधी," मी म्हणालो, "तं कायमनी व्हयी!"

सून हसता हसता भिंतीला टेकली. म्हातारी पदर तोंडाला लावून आत पळाली. हसू आवरल्यावर सून म्हणाली, "आबा, लागना ना तुमना हात! तुम्हीच लिखा त्यास्ले."

संध्याकाळपर्यंत मी ट्रक चालवला. म्हातारीने चहा टेबलावरच आणून ठेवला, आणि शेजारी बसून दोन घाट बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, टोपी घातली आणि कॉम्प्युटरपुढे बसलो. सिस्टिम बनवणाऱ्यांना चूक कळवायचं पान सुनेने उघडून दिलं. एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं: 'ब्रेकला विश्रांती म्हणू नका, ब्रेकच म्हणा. माणसं मरतील.' खाली नावाची जागा होती. तिथे लिहिलं, जीप ड्रायव्हर, धडगाव घाट.