खिडकीतला वेगळा कप

पेपरात ती बातमी चार ओळींत संपली. पाहुण्या संघाच्या खोलीतल्या एका नोकराने काळ्या गोलंदाजाचा चहाचा कप वेगळा ठेवला, संघटनेने त्याला तडकाफडकी काढून टाकलं, क्रिकेटमध्ये वंशभेदाला थारा नाही. झालं. वाचणाऱ्याने ‘अजून असली माणसं आहेत’ म्हणून मान हलवली आणि पान उलटलं. मला ते उलटता आलं नाही, कारण तो नोकर माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

सगळी वस्ती त्याला मामा म्हणते. काम मैदानातल्या पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये. ओले टॉवेल उचलायचे, बुटांच्या खिळ्यांतली माती बोथट सुरीने काढायची, बर्फाचा टब भरायचा, घामाचे पांढरे कपडे वाळत घालायचे, आणि दिवसभर चहा. परभाषेतले त्याला शब्द किती येत होते? चहा, बर्फ, टॉवेल आणि ‘गुड’. एवढ्या भांडवलावर त्याने जगातल्या सगळ्या संघांशी संसार केला. जिंकलेल्यांना चहा दिला, हरलेल्यांना जास्त साखर घालून दिला.

त्याचा बाप त्याच मैदानावर रोलर ओढायचा. आमच्या माणसांच्या ओठाला लागलेलं भांडं तेव्हा तिथल्या लोकांना चालत नव्हतं. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेला एक कप. बापाने तो स्वतः उचलायचा, पुढे धरायचा, स्वयंपाकी वरून चहा ओतायचा. पिऊन झाला की स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. मामा लहानपणी बापाचा डबा घेऊन जायचा तेव्हा हे रोज बघायचा. पुढे त्याला त्याच मैदानावर आत, खोलीत नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने तो कप कोनाड्यातून काढला आणि रोलरवर आपटून फोडला. ही गोष्ट सांगताना वस्तीतली म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसतात. मी मोर्चे काढायला शिकलो ते नंतर. आधी ही गोष्ट ऐकली.

तो गोलंदाज मागच्या दौऱ्यात पहिल्यांदा आला. ताडमाड उंच, दारातून येताना मान वाकवणारा. शेवटच्या सामन्यात आमचा शेवटचा गडी धावताना त्याच्यावर आदळून पडला. तेवढ्यात कोणीतरी यष्ट्या उडवल्या, पंचाचं बोट वर गेलं. सामना त्यांच्या खिशात होता. हा पोरगा आपल्या कप्तानाकडे गेला आणि म्हणाला, अपील मागे घे, तो माझ्यामुळे पडलाय. गडी परत आला आणि आमच्या संघाने सामना जिंकला. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे जिंकल्याबद्दल वाजवल्या. त्यांच्या खोलीत मात्र त्याच्याशी कोणी बोलेना. डोक्यावर टॉवेल घेऊन तो कोपऱ्यात बसून राहिला. मामाने चहा त्याच्या हातात दिला आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा शब्द काढला, “गुड.” पोरगा टॉवेलखालून हसला. शिपाई-पहारेकरी हाक मारतात ती ऐकून म्हणाला, “मामा.”

त्या दिवसापासून तो घरात ‘भाचा’ झाला. टीव्हीवर दिसला की मामी म्हणायची, “आला बघा तुमच्या बहिणीचा. दाराची चौकट वाढवून घ्या आता.”

यंदा तो संघ पुन्हा येणार म्हटल्यावर मामा बाजारात जाऊन एक निळा कप घेऊन आला. जाड, खोल, कान मोठा, कारण मैदानावरच्या नेहमीच्या पांढऱ्या कपांत भाच्याचं बोट शिरत नव्हतं. हा कप तो ट्रेमध्ये ठेवत नसे. खिडकीच्या कट्ट्यावर एकटा ठेवायचा, दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून. विसळायचाही वेगळा, स्वतःच्या हाताने, गरम पाण्याने. घरात थोरल्या माणसाचा पेला जसा वेगळा ठेवतात, तसा. पहिले दोन दिवस भाचा त्यातून चहा प्यायला. मामाला कप वेगळा विसळताना त्याने पाहिलं असेल, पण मनात काही आलं नसावं.

तिसऱ्या दिवशी त्याला सीमारेषेवर उभं केलं, सभासदांच्या स्टँडसमोर. तिथे खुर्च्यांना गाद्या असतात आणि त्यांच्यावर संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची लेकरं, जावई, मेव्हणे बसतात. तिथून माकडाचे आवाज सुरू झाले. एकाने काखा खाजवून दाखवल्या, मग सगळी रांग खाजवायला लागली. पोरगा पंचांकडे गेला. पंचांनी वर कळवलं, आणि ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं की प्रेक्षकांनी खेळभावना जपावी. या निवेदनाला त्याच स्टँडने टाळ्या दिल्या आणि पुन्हा काखेत हात घातले. मामा आत बर्फ फोडत होता. आवाज त्याला ऐकू येत होते. त्याच्या हातात होतं ते एकच, त्याने भाच्यासाठी चहात साखर वाढवली.

चहाची वेळ झाली. संघ आत आला. पांढरे कप ट्रेमध्ये एकाला एक लागून, वाफाळलेले. त्याचा निळा कप दूर खिडकीत, एकटा. पोरगा दारातच थांबला. त्याच्याही देशात त्याच्या आजोबांच्या वेळी काळ्यांची भांडी वेगळी असायची, नळही वेगळे, हे मला पुढे त्यांच्या व्यवस्थापकाच्या पेपरातल्या मुलाखतीतून कळलं. तेव्हा त्या खोलीत ते कोणाला माहीत होतं? संघटनेने पाहुण्यांबरोबर एक दुभाषा दिला होता. त्याला पोरग्याने शांतपणे विचारलं, माझा कप तिथे का? दुभाष्याने मामाला विचारलं.

मामाची छाती फुगली. कोणीतरी शेवटी विचारलं होतं. तो म्हणाला, “त्याचा कप वेगळा आहे. मी तो दुसऱ्यांच्यात मिसळू देत नाही.”

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. त्या माणसाला मी दोष देत नाही, शब्द न् शब्द बरोबर होता. पोरगा खिडकीपर्यंत गेला, चहा बेसिनमध्ये ओतला, कप कट्ट्यावर पालथा घातला आणि बाहेर गेला. पालथा कप पाहिला आणि मामाच्या डोळ्यांसमोर तो कोनाडा आला. तो धावत मागे गेला, पण शब्द चारच, आणि त्यांतला एकही तिथे कामाचा नव्हता. खेळ संपायच्या आत दोन पहारेकऱ्यांनी त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं.

पाहुण्या संघाने तक्रारी दोन केल्या होत्या, स्टँडची आणि कपाची. स्टँडबद्दल संघटनेने सांगितलं की कॅमेरे खेळपट्टीकडे होते, ओळख पटली नाही. स्वतःच्या घरातली माणसं ओळखू येईनात अशी ही नजर! कपाची ओळख मात्र लगेच पटली. त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुरावा म्हणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही कप्तानांचा हात मिळवतानाचा फोटो आला, मागे ‘खेळभावना’ लिहिलेला फलक.

माझं डोकं फिरलं. मी मामाच्या घरी गेलो आणि सांगितलं, पत्रकार बोलावतो, तू फक्त बापाच्या कपाची गोष्ट सांग, उद्या संघटनेचं थोबाड रंगवतो. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आहे त्यांनी.

मामा भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, “पुढारी, एक सांग. त्या स्वयंपाक्याने माझ्या बापाला सांगितलं असतं की तुझ्यावर माया आहे म्हणून तुझा कप वेगळा ठेवतो, तर तू ऐकून घेतलं असतंस?”

मी म्हणालो, टाळकं फोडलं असतं.

“मग?” मामा म्हणाला. “पोराने नुसता कप पालथा घातला. माझी नोकरी गेली ती जाऊ दे. तो जायच्या आत त्याला एकदा कळलं पाहिजे. पेपरातून नको. माझ्या तोंडून.”

मग मी पत्रकारांचा नाद सोडला. वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलीकडून एकच वाक्य त्यांच्या भाषेत तयार करून घेतलं, की मी तो कप तुझ्यासाठी विकत आणला होता. मामा ते दिवसभर घोकत होता, भाजी चिरताना, अंघोळ करताना. मामी म्हणाली, “एवढा मंत्र माझ्यासाठी पाठ केला असता तर सात जन्म सुखाचे गेले असते.” तेवढ्यापुरता तो हसला.

सामना संपला त्या संध्याकाळी आम्ही मागच्या फाटकाशी उभे राहिलो. फुटपाथवर गर्दी होती. बस बाहेर आली आणि अडथळ्यापाशी थांबली. भाचा खिडकीशीच बसला होता. मामा पुढे घुसला, हात उंच केला आणि ओरडून ते वाक्य म्हणायला लागला. त्याच क्षणी त्याच्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी माकडाचा आवाज काढला. हे गादीवाले नव्हते, आमच्यासारख्याच घरांतली पोरं. आत काच बंद, बाहेर हा गोंगाट. खिडकीतून दिसलं असेल ते एवढंच, तोंडं उघडलेली रांग, आणि तिच्या मधोमध हात वर केलेला मामा.

भाच्याने त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं. मग पडदा ओढून घेतला.

मी शेजारच्या पोराची गचांडी धरली, त्याला खाली पाडलं, आणि पोलिसांनी मला उचललं. मोकळा होऊन परत आलो तेव्हा मामा घरी पोचला होता. मी शिव्या देत होतो. तो म्हणाला, “बरं झालं, त्याच्याकडे पडदा होता.”

मामाला परत घ्या म्हणून संघटनेविरुद्ध मी अर्ज केले आहेत, दारात बसलो आहे, पुन्हा बसेन. मामा येत नाही. मैदानावर आता कागदी कप आलेत, सगळ्यांना सारखे, पिऊन फेकायचे. संघटना हे अभिमानाने सांगते. त्या स्टँडवरच्या गाद्या बदलल्या, माणसं तीच आहेत.

परवा मी सकाळी मामाकडे गेलो. मामीने तिघांना चहा दिला. पिऊन झाल्यावर मामा उठला, स्वतःचा कप स्वतः विसळला आणि बाहेरच्या खिडकीत एकटा पालथा ठेवला. मामीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाली, रोज असंच करतात, बोलले तर ऐकत नाहीत. मी तो कप उचलून आतल्या फळीवर आमच्या कपांत नेऊन ठेवला. मामाने बघितलं, अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कप पुन्हा खिडकीत होता.