पुसलेली किल्ली

माझ्या जुन्या गाडीची किल्ली म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. हरवली की चौकातला चावीवाला कानशीनं घासून दुसरी करून द्यायचा. आताच्या किल्लीत चिप असते. गाडी ओळख ठेवते, आणि विसरतेही.

काल माझी किल्ली हरवली, म्हणून चावीवाल्याला घरी बोलावलं. लॅपटॉप जोडत तो म्हणाला, "काका, दुसरी चावी असेल तर आणा. जी समोर नसेल, ती गाडीतून पुसली जाईल."

दुसरी मुलाकडे आहे. दिवाळीत माझ्याशी भांडून तो निघून गेला, तेव्हापासून फोनही उचलत नाही.

"पुसून टाका," मी म्हणालो.

गाडीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. इतकं सहज विसरता आलं असतं तर, असं वाटून गेलं.

दारातून बायकोनं विचारलं, "आणि तो आला तर?"

"त्या चावीनं दार उघडेल, काकू. गाडी चालू होणार नाही."

ती आत गेली. मुलाकडच्या त्याच जुडग्यात घराचीही किल्ली आहे. घराचं कुलूप जुनं, त्याला पुसता येत नाही. मध्यंतरी मी ते बदलायचं म्हटलं, तर ती जेवायला उठलीच नाही.