काठमांडूला न गेलेला लेफ्ट आउट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. एकाच मैदानावर दहा-पंधरा वर्षं तीच माणसं भेटत राहिली की ते आपोआप साठतात. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या आमच्या टीमचं तसंच झालं. आता सगळे पंचेचाळिशीच्या पुढं गेलोत. कुणाचा गुडघा गेला, कुणाचं पोट आलं. रविवारी सकाळी चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ते नामदेवचं सांग."

सांगायचं काम माझ्याकडं असतं, कारण मी गोलकीपर होतो. गोलकीपरला बघायला भरपूर वेळ मिळतो.

*

आधी मुनीरसर. एका शाळेत पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हाला फुटबॉल. फी नाही, काही नाही. आम्ही जोरात, डोकं न लावता बॉल हाणला की म्हणायचे, "बॉल कू गुस्से से नक्को मारो रे. उसने तुम्हारा क्या बिगाड्या?"

आमचं मैदान दसऱ्याला जायचं. प्रदर्शन भरायचं, पाळणे यायचे, आणि सगळं उठलं की मागं राहायचे खुंटांचे खड्डे, खिळे, काचा. महिनाभर खेळ बंद. मग सर आम्हाला घमेली देऊन मुरूम भरायला लावायचे. सगळं झालं की स्वतः बूट काढायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचे. सावकाश, एक एक पाऊल. आम्ही रेषेवर उभे राहून बघायचो.

एकदा मी म्हटलं, "सर, आम्ही चालतो ना."

"तुम्हारे पाव कू मैच खेलना है," सर म्हणाले. "मेरे कू खाली स्कूल जाना है."

*

नामदेव आमच्याकडं आला तो बाजाराच्या दिवशी. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या पुढं एक वाडी आहे, तिथला. घरी मेंढरं. बापासोबत बकऱ्या विकायला आला होता आणि बाप चहा पीत होता तेवढ्यात मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. दहा-अकरा वर्षांचं पोरगं, हातात काठी.

बॉल बाहेर गेला, पार रस्त्यापलीकडं. पोरगं मागं धावलं. मी ओरडलो, "फेक रे." त्यानं फेकला नाही. अनवाणी डाव्या पायानं मारला. बॉल एका हातगाड्यावरून आला, माझ्या डोक्यावरून गेला आणि गोलात पडला.

सर चालत त्याच्याजवळ गेले. "कौनसे पाव से मारा?"

पोरगं घाबरलं. डावा पाय उजव्याच्या मागं लपवून म्हणालं, "चुकून लागला."

"रोज ऐसाच चूक," सर म्हणाले.

पुढच्या जूनमध्ये सरांनी त्याला हिंगोलीच्या शाळेत घातलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली. बापाला पटवायला सर तीनदा वाडीवर गेले. बाप म्हणायचा, "मंग मेंढरामागं कोण जाईन?" शेवटी आईच म्हणाली, "मी जाते."

*

पहिले बूट त्याला वर्षभरानं मिळाले. कुणीतरी वापरून सोडलेले. डावा बराबर बसायचा, उजवा चावायचा. नांदेडला मॅच होती आणि हा पठ्ठ्या एकच बूट घालून मैदानात उतरला. रेफ्रीनं शिट्टी वाजवली.

"दोन्ही घाल, नाही तर बाहेर हो."

"साहेब," नामदेव अगदी मनापासून म्हणाला, "उजव्या पायानं मी खेळतच न्हाई."

रेफ्री हसला, पण नियम म्हणजे नियम. नामदेवनं बूट घातला, लंगडत खेळला, आणि दोन गोल केले. त्याची जागा लेफ्ट आउटची, म्हणजे पुढच्या फळीत डाव्या कडेनं पळणारा. पंधरा वर्षांचा झाला तोवर त्याला डावीकडं अडवणारा माणूस आसपासच्या चार जिल्ह्यांत राहिला नव्हता. अशाच एका मॅचला पुण्याचे एक सिलेक्टर बसले होते. मॅच संपल्यावर त्यांनी सरांना बाजूला बोलावलं. सर परत आले. नुसतं नामदेवच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती, काठमांडूला, दक्षिण आशियातल्या देशांची. भारताच्या टीमसाठी पुण्यात शिबिर होतं. त्याला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानाच्या भिंतीवर खडूनं नकाशा काढला. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका. समुद्रात सहा-सात ठिपके काढून म्हणाले, "ये मालदीव."

नामदेव बराच वेळ त्या ठिपक्यांकडं बघत होता. मग म्हणाला, "सर, तिथं बॉल भायेर गेला की कोण आणत असंल?"

*

शिबिरातून तो बाराव्या दिवशी परत आला. खेळ पसंत होता, डॉक्टरांनी तपासलं तेही ठीक होतं, पण कागदाचा मेळ बसत नव्हता. शाळेच्या दाखल्यावर त्याचं वय सतरा पूर्ण होतं. खरा दाखला आणायला आठ दिवस दिले होते.

"तेरी पैदाइश कब की?" सरांनी विचारलं.

"मी पंधराचाच हाव सर. ती तारीख मपली न्हाई." आणि मग, चार वर्षांत पहिल्यांदा, त्यानं आम्हाला ती गोष्ट सांगितली.

नामदेव त्याचं नाव नव्हतंच. नामदेव म्हणजे त्याचा थोरला भाऊ. पहिलीत नाव घातलं आणि त्याच पावसाळ्यात तापानं गेला. दवाखाना लांब, नाल्याला पाणी. पुढच्या वर्षी आईनं धाकट्याला शाळेत नुसतं बसायला पाठवलं, कारण तो घरी एकटा रडायचा. मास्तर नवीन बदलून आलेले, त्यांना काही माहीत नाही. त्यांनी हजेरीत पुकारलं, "नामदेव." कुणीच बोलेना. तेव्हा भावाचं नाव ऐकून हे चार-पाच वर्षांचं लेकरू म्हणालं, "हजर."

तेव्हापासून तो नामदेव. घरात त्याचं नाव सोपान होतं, पण आई त्याला बारक्याच म्हणायची. सोपान हे नाव कधी वापरलंच गेलं नाही.

*

माझे बाबा तहसीलसमोर टायपिंगचं मशीन घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं तेच टाइप करायचे. ते म्हणाले, सोपं आहे. आईचं प्रतिज्ञापत्र, ग्रामसेवकाचा जबाब, दोन साक्षीदार. थोरला मयत, धाकटा हयात. होऊन जाईल.

सर आणि मी वाडीवर गेलो. गयाबाई, म्हणजे नामदेवची आई, लोकर निवडत बसली होती. सरांनी हळूहळू सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "न्हाई."

बापानं समजावलं. नामदेव तर मान खाली घालून बसला होता. ती हटेना.

"काहून, बाई?" सरांनी विचारलं. ते वाडीवर जमेल तशी मराठी बोलायचे.

"सर, तो गेला तवा फोटू न्हाई, काई न्हाई. त्याचा सदरा व्हता, तो या बारक्यानं घालून फाडला." तिचे हात थांबले होते. "पर रोज सकाळी मास्तर त्याचं नाव घेते. अन् कोनीतरी हजर म्हनते. तेवढं ऱ्हाऊ द्या."

सर लगेच उठले. "चल," मला म्हणाले.

*

तिसऱ्या दिवशी गयाबाई एकटीच पहिल्या बसनं हिंगोलीला आली. विचारत विचारत बाबांच्या टेबलापाशी पोचली. मी डबा द्यायला गेलो होतो, म्हणून मी हे बघितलं.

बाबांची सवय अशी की टाइप करताना मोठ्यानं वाचायचे, म्हणजे अंगठा देणाराला कळावं. "सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझा थोरला मुलगा नामदेव हा... तारीख काय, बाई?"

"तारीख ठाव न्हाई. ज्वारी पोटऱ्यात व्हती."

बाबांनी महिना काढला, वर्ष काढलं. "...रोजी मयत झाला."

"तसं नगा लिहू," ती म्हणाली. "गेला, असं लिव्हा."

"बाई, कागदाला मयतच लागतं."

बाबा रोज तो शब्द दहादा टाइप करायचे. त्या दिवशी मशीन तसंच सोडून उठले, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन, न वाचता, ती ओळ टाइप केली. शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा उठवला, पदरानं शाई पुसली आणि विचारलं, "आता धाडतेन ना त्याला?"

बाबांनी तिच्याकडून काही घेतलं नाही. संध्याकाळी घरी जेवलेही नाहीत.

*

सगळे कागद घेऊन सर आणि नामदेव पुण्याला गेले. मुदत एक दिवस उरली होती. तिथले साहेब वाईट नव्हते, असं सर नेहमी सांगायचे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जुन्यावर नामदेव, सतरा. नव्यावर सोपान, पंधरा. शाई अजून नवी दिसत होती.

"सर, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," ते म्हणाले. "पण उद्या समोरच्या टीमनं तक्रार केली तर मी काय दाखवू? याच्या चौकशीला दोन महिने जातील. टीम सोमवारी निघते."

सर हट्टानं बसून राहिले. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी नामदेवनंच त्यांचा हात धरला. "चला सर. मॅच संपली."

छोट्या रुळाची गाडी सकाळी हिंगोलीला आली तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर होतो. नामदेव उतरला, बॅग खाली ठेवली आणि आमच्याकडं बघून म्हणाला, "आज प्रॅक्टिस हाय ना?"

त्या संध्याकाळी तो खेळला. सर मात्र आले नाहीत. ते वाडीवर गेले होते, गयाबाईची माफी मागायला. तिथं काय झालं ते सरांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. त्यांना उंबऱ्यातच रडू आलं. तिनं त्यांना बसवलं, चहा दिला, आणि शेवटी म्हणाली, "तुमी काहून रडता सर? कागद तर खराच व्हता."

*

स्पर्धेच्या दिवसांत आम्ही रोज वाचनालयात जायचो. पेपरात आली तर दोन ओळींची बातमी, खालच्या कोपऱ्यात. एके दिवशी आलं: भारत यजमान नेपाळकडून पराभूत, स्पर्धेबाहेर. बाकी काही नाही. कोण खेळलं, कसं खेळलं, काही नाही.

आम्ही पेपर नामदेवच्या हातात दिला. आमच्यातला एक जण म्हणाला, "बरं झालं हरले."

नामदेवनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पोरगा मागं सरकला. "असं म्हनू नको," तो म्हणाला. "माझ्या जागी कोनीतरी खेळलं असंल ना तिथं."

दहावीनंतर त्यानं शाळा सोडली. नव्या कागदावर नाव सोपान आलं, पण आमच्या तोंडी नामदेवच राहिलं. सेनगाव रोडला त्यानं वेल्डिंगचं दुकान टाकलं. संध्याकाळी खेळायला यायचा, डावीकडनं, तसाच. नंतर त्याला कुठूनच बोलावणं आलं नाही.

*

आता शेवटचा किस्सा. याला आठ-नऊ वर्षं मध्ये गेली होती. हिंगोली जिल्हा झाला होता. थंडीत आमच्या मैदानाच्या कडेला स्वेटरवाले येतात, त्यातले बरेच नेपाळचे. नामदेवची आई डोळे दाखवायला हिंगोलीला आली होती. तिला स्वेटर घ्यायचा म्हणून आम्ही तिघं एका दुकानात गेलो.

दुकानदार आमच्याच वयाचा. नामदेवनं सहज विचारलं, "कहाँ के?"

"काठमांडू, साब."

नामदेवचा हात स्वेटरवर तसाच राहिला. मग त्यानं स्टेडियमचं विचारलं. दुकानदार म्हणाला, घर तर स्टेडियमच्या मागंच. नामदेवनं त्या स्पर्धेचं विचारलं. तो हसला. तिकिटाला पैसे कुठले, भिंतीवर चढून सगळ्या मॅच बघितल्या म्हणाला.

"इंडिया का लेफ्ट आउट कैसा खेला था?"

"बाएँ साइड वाला? दुबला-सा?" दुकानदार आठवू लागला. "अच्छा था साब. बहुत भागा. हारने के बाद मैदान में बैठ के रोया. सब अंदर चले गए, वो बैठा रहा."

"काय म्हनून राहिला रे तो?" गयाबाईनं विचारलं.

नामदेवनं तिला सगळं मराठीत सांगितलं. कसा पळाला, कसा बसला, कसा रडला. ती हातातला स्वेटर घडी घालत ऐकत होती. घडी झाली. मग तिनं नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला येईल तशा हिंदीत दुकानदाराला म्हणाली, "वो मेराच लेकरू है. येच है."

दुकानदार उठून उभा राहिला. नामदेवचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. "आप थे?"

मी नामदेवकडं बघितलं. तो आईकडं बघत होता. ती पदर सारखा करत होती.

"हाँ," तो म्हणाला. "मैं था."

"इतना क्यूँ रोए थे, साब?"

गयाबाईच बोलली, मराठीतच.

"लहान व्हता ना तवा."